हत्यारांची पेटी घेण्याआधी घर पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षे नोकरीनिमित्त बाहेर काढल्यावर आपण डिचोली तालुक्यातील वडिलोपार्जित कौलारू घरात राहायला आला आहात. घराच्या मागे नंतरच्या पिढीने बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या आहेत. किरकोळ कामाला मिस्त्री मिळत नाही, आणि चतुर्थी जवळ आली की मुळीच मिळत नाही. तेव्हा एकशे आठ नगांची जी तयार पेटी ऑनलाइन मिळते ती घ्यावी का, ड्रिल बॅटरीवरचे घ्यावे की वायरचे, आणि माळ्यावरच्या पेटाऱ्यात सापडलेल्या आजोबांच्या गंजलेल्या हत्यारांचे काय करावे, असे आपण विचारले आहे. गोव्यातील इमारतींच्या आणि जुन्या घरांच्या देखभालीचे काम मी करीत आलो आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

ती पेटी घेऊ नये. नगांची मोठी संख्या बहुधा लहान बिटे आणि सॉकेटे मोजून भरलेली असते. सॉकेटे मोटार दुरुस्त करणाऱ्याला रोज लागतात, पण घरात षटकोनी नटबोल्ट असतात तरी किती? त्या पेटीतली पक्कड, हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर ही रोजच्या कामाची तीन हत्यारे नेमकी सर्वांत हलकी निघतात. मऊ पोलादाचे टोक दोन-चार घट्ट स्क्रूंवर फिरले की गोल होते, आणि गोल झालेले टोक पुढच्या प्रत्येक स्क्रूची खाच बिघडवते. खाच गेलेला स्क्रू काढण्याचे काम मूळ दुरुस्तीपेक्षा अवघड असते. तेवढ्याच पैशांत सात-आठ चांगली हत्यारे येतात, आणि घरातील बहुतेक किरकोळ कामे तेवढ्यांत भागतात.

दुकानात जाण्याआधी वही-पेन घेऊन घरभर एक फेरी मारावी. टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचा वॉल्व्ह कोठे आहे आणि तो हाताने फिरतो का, मेन स्विच कोठे आहे, इन्व्हर्टरवर कोणते दिवे व पंखे आहेत, दारांच्या बिजागऱ्यांना सरळ खाचेचे स्क्रू आहेत की अधिक चिन्हाच्या खाचेचे, कोणती भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, कोणती मातीची आणि कोणती काँक्रीटची, हे सारे लिहून ठेवावे. आपल्या घरात दोन काळांची बांधकामे शेजारी शेजारी असल्यामुळे पुढच्या खोलीत चालणारे तंत्र मागच्या खोलीत चालणार नाही. खरेदीची यादी या टिपणातून निघाली पाहिजे.

आता हत्यारांकडे येतो. अधिक खाचेच्या स्क्रूंसाठी पीएच २ मापाचा स्क्रू ड्रायव्हर सर्वाधिक लागतो. त्याखाली पीएच १ आणि सरळ खाचेचे एक रुंद व एक अरुंद, असे चार वेगवेगळे घ्यावेत. एकाच दांड्यात बिटे बदलणारा प्रकार सोयीचा वाटतो, पण खोल जागेत बिट आतच अडकून राहते. माप बरोबर आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. टोक खाचेत उभे ठेवून हलकेच डोलवावे. ते डोलले तर माप चुकले आहे. जुन्या शिसवी कपाटांचे आणि खिडक्यांचे पितळी स्क्रू सरळ खाचेचे असतात आणि त्यांच्या खाचेत पिढ्यान्‌पिढ्यांचा रंग बसलेला असतो. जोर लावण्याआधी टोकदार सुरीने तो रंग पूर्ण खरवडून काढला, तर निम्मे स्क्रू विनातक्रार सुटतात.

पक्कड आठ इंची घ्यावी. तिच्या मुठीवरील रंगीत आवरण म्हणजे विजेपासून संरक्षण, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. बहुतेक पकडींवर ते केवळ पकड चांगली बसावी म्हणून असते. विजेच्या कामासाठी तपासलेल्या हत्यारावर १००० व्होल्टचा आकडा आणि एकात एक दोन त्रिकोणांची खूण असते. ती शोधून घ्यावी. नाशिकच्या टापरियासारख्या जुन्या भारतीय कंपनीची साधी हत्यारे घरासाठी पुरेशी टिकाऊ असतात आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. परदेशी नावासाठी दुप्पट पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही.

हातोडी खिळे उपटण्याच्या नख्यांची, सुमारे ४५० ग्रॅम वजनाची असावी. लाकडी दांड्याची घेतल्यास डोके दांड्यात पाचरीने घट्ट बसले आहे ना, हे दर उन्हाळ्यात पाहावे, कारण पावसाळ्यात फुगलेला दांडा एप्रिल-मेमध्ये आकसतो आणि डोके ढिले पडते. मोजमापाची टेप पाच मीटरची पुरे. तिच्या टोकाचा धातूचा आकडा (हुक) किंचित हलतो म्हणून बरेच जण ती परत करायला जातात. तो मुद्दामच तसा केलेला असतो: कडेला अडकवून ओढताना आणि भिंतीला टेकवून दाबताना, दोन्ही वेळा माप बरोबर यावे म्हणून तो स्वतःच्या जाडीइतका सरकतो. पाणसळ विकत घेताना ती एका सपाट फळीवर ठेवावी, बुडबुडा कोठे आहे ते पाहावे, मग तीच पाणसळ त्याच जागी उलट टोकाने फिरवून ठेवावी. बुडबुडा फळीच्या त्याच बाजूला तेवढाच राहिला नाही तर दुसरी मागावी. हॅक्सॉच्या पात्याचे दात मुठीपासून दूर, म्हणजे ढकलण्याच्या दिशेने असावेत. चष्मा मात्र विसरू नये. छिन्नीवर घाव घालताना किंवा डोक्याच्या वर ड्रिल मारताना डोळ्यांत जाणारी चिऱ्याची भुकटी दवाखान्यात नेते.

नळकामासाठी दहा इंची स्क्रू पाना आणि चौदा इंची पाइप पाना असे दोन पाने हवेत. एकाने भागवू पाहणारा नळाबरोबर भिंतीतला पाइपही फिरवतो, आणि मग टाइल फोडण्याची वेळ येते. एका पान्याने पाइपाचे टोक धरावे आणि दुसऱ्याने नट फिरवावा, हा नियम आहे. चकचकीत नळावर पाइप पान्याचे दात लावायचे झाल्यास मधे जाड फडके गुंडाळावे. टेफ्लॉन टेप आट्यांवर, आटे आपल्या तोंडासमोर धरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट गुंडाळावी; उलट गुंडाळली तर जोड आवळताना ती सुटत जाते आणि नळ पुन्हा गळतो. पाणी कमी येऊ लागले तर नळ बदलण्याआधी त्याच्या तोंडाची जाळी काढून पाहावी, कारण टाकीच्या तळाचा लालसर गाळ तिथेच अडकतो. आणि वर उल्लेखिलेला टाकीचा वॉल्व्ह दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला वॉल्व्ह नेमका पाइप फुटलेल्या रात्री अडकतो.

विजेच्या बाबतीत मी मुद्दाम कंजूषपणे सल्ला देतो. दिवा, प्लग टॉप आणि स्विचचे ढिले झालेले स्क्रू, एवढेच घरच्या माणसाने हाताळावे. मीटरच्या बाजूचे काही झाले तर वीज खात्याला कळवावे आणि वायरिंग बदलायचे असेल तर परवानाधारक वायरमन बोलवावा. टेस्टर घ्यावा, पण त्याचा स्वभाव ओळखावा. त्यातील निऑन दिवा आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो. म्हणून कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असताना तो चालू वायरीवरही नीट पेटत नाही, आणि दिवसा उजेडात पेटलेला दिसत नाही. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असा अर्थ कधीही काढू नये. आधी चालू असलेल्या सॉकेटवर तो पेटतो हे पाहावे, मग कामाच्या जागी लावावा आणि पुन्हा चालू सॉकेटवर तपासावा. पावसात भिजलेला किंवा घामाने ओला झालेला टेस्टर वापरू नये.

आपल्याकडच्या पावसात वीज वारंवार जाते, म्हणून बहुतेक घरांत इन्व्हर्टर आला आहे, आणि त्याबरोबर एक धोकाही आला आहे. मेन स्विच बंद केला की इन्व्हर्टर 'वीज गेली' असे समजतो आणि त्याच्या ओळीवरील दिव्या-पंख्यांना २३० व्होल्ट पुरवू लागतो. पंख्याची वायर सोडण्याआधी मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करणे आवश्यक आहे. बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हत्यारांचे पैसे बाजूला ठेवून आधी तो बसवून घ्यावा आणि त्याचे टेस्ट बटण महिन्या-दोन महिन्यांनी दाबून पाहावे. जुलैत तो वारंवार पडू लागला तर तो बिघडला असे समजून काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. बहुधा ओल आलेल्या भिंतीतील जोड तो दाखवून देत असतो.

ड्रिलविषयी अधिक लिहायला हवे, कारण आपल्या भागातील भिंती बाहेरच्या व्हिडिओंमधील विटांच्या भिंतींसारख्या वागत नाहीत. वायरचे, १३ मिलिमीटर चकचे (बिट धरणाऱ्या जबड्याचे), गती कमी-जास्त करता येणारे आणि हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडण्याची सोय, चालू-बंद करता येणारे ड्रिल घ्यावे. बॅटरीचे ड्रिल सुटसुटीत असते हे खरे, परंतु वर्षातून सात-आठ वेळा वापरणाऱ्याच्या घरी बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहते आणि यंत्राआधी तीच थकते. पुढे काम वाढले तर फक्त स्क्रू पिळण्यासाठी लहान बॅटरीचे घेता येईल.

जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत घट्ट होत जातो, पण त्याच्या अंगातील लहानमोठी छिद्रे आणि त्यांतील मऊ माती तशीच राहते. त्यावर हॅमर चालू करून ड्रिल मारले की बिटाभोवतीचा दगड भुगा होऊन पडतो, आठ मिलिमीटरचे भोक अकराचे होते आणि स्क्रू धरण्यासाठी बसवायचा प्लास्टिकचा प्लग त्यात नुसता गोल फिरतो. म्हणून चिऱ्यात हॅमर बंद ठेवावा, गती कमी ठेवावी, प्लगच्या मापापेक्षा एक माप लहान बिटाने सुरुवात करून अंदाज घ्यावा, आणि प्लग नेहमीपेक्षा लांब घ्यावा. भिंतीला जाड गिलावा असेल तर आखूड प्लग संपूर्ण गिलाव्यातच राहतो. तो आज घट्ट वाटतो आणि पहिल्या ओलीत गिलाव्यासकट सुटतो. बिट अचानक आत घुसले तर पोकळी लागली असे समजावे. भोक साफ करून त्यात रासायनिक अँकरचा लगदा जाळीच्या नळीसह भरावा, किंवा ते सिमेंटने बुजवून पूर्ण सुकल्यावर शेजारी नवे भोक घ्यावे. काडेपेटीच्या काड्या कोंबण्याचा जो प्रकार सर्रास चालतो तो फोटोच्या चौकटीपुरता ठीक आहे. २५ लिटरच्या गिझरात २५ किलो पाणीच असते, त्यावर यंत्राचे वजन वेगळे. तो चिऱ्याच्या भिंतीवर काड्यांच्या भरवशावर टांगू नये.

मातीच्या भिंतीत कोणताही प्लग विश्वासाने धरत नाही. तिथे जाड लाकडी पट्टी दोन टोकांना खांबाला किंवा दाराच्या चौकटीला जोडून घ्यावी आणि वजन त्या पट्टीवर द्यावे. मागच्या खोल्यांच्या काँक्रीटच्या तुळईत मात्र उलट अनुभव येईल: साधे ड्रिल हॅमरवर ठेवूनही बोटभर जात नाही. त्यासाठी एसडीएस प्रकारचे जड यंत्र लागते, जे विकत न घेता ओळखीच्या मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागून आणावे. कोणत्याही भिंतीत स्विच बोर्डाच्या थेट वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये. वायरींचे पाइप त्याच रेषांत गेलेले असतात. माटोळीचे, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचे, हुक हा आपल्याकडचा खास विषय आहे. नारळ, सुपारीचे घोस आणि फळे बांधल्यावर तिचे वजन पुष्कळ होते, आणि ते दिवसेंदिवस टांगते राहते. हुक छताच्या प्लायवूडमध्ये किंवा गिलाव्यात न बसवता वाशात, आधी बारीक भोक पाडून, आट्यांच्या पूर्ण लांबीपर्यंत पिळावेत. वासा वाळवीने पोखरला आहे का, हे हातोडीच्या आवाजावरून आणि पेचकसाचे टोक रुतवून आधी पाहावे.

दुसरा स्थानिक विषय म्हणजे पावसाळ्यात अडणारी दारे. जुलैत दार घासू लागले की लगेच रंधा मारायची घाई होते. तसे केले तर मार्चमध्ये तेच दार आकसून चौकटीत फट पडते आणि कडी जुळत नाही. पावसाळ्यात घासणाऱ्या जागेवर फक्त पेन्सिलीने खूण करावी, तिथे मेणबत्ती घासून वेळ मारून न्यावी, आणि दिवाळीनंतर लाकूड सुकल्यावर त्या खुणेपाशी अगदी पातळ साल काढावी. त्याआधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून पाहावेत. दार फुगलेले नसून नुसते खाली आलेले असते, असे पुष्कळदा आढळते. रंधा मारल्यावर उघडे पडलेले लाकूड, आणि विशेषतः दाराची खालची व वरची कड, रंगाने किंवा वॉर्निशने बंद करावी. पाणी सर्वांत जास्त तिथूनच आत शिरते आणि त्या कडा रंगवायच्या नेहमी राहून जातात.

स्क्रूंचा छोटा साठा हत्यारांइतकाच महत्त्वाचा आहे. एक, दीड आणि दोन इंची स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घरात असावेत. डिचोलीत ३०४ दर्जाचे पुरतात. कळंगुट किंवा बाणावलीच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्याला मी ३१६ सुचवीन, कारण खाऱ्या वाऱ्यात ३०४ वरही तांबूस डाग चढतात. चुंबकाची परीक्षा अर्धीच आहे: चुंबक जोराने चिकटला तर तो माल ३०४ नव्हे, पण चिकटला नाही म्हणून तो ३०४ च असेल असेही नाही, कारण स्वस्त २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक जवळजवळ लागत नाही. म्हणून दुकान ओळखीचे असावे. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावू नयेत. दमट हवेत दोन धातूंच्या स्पर्शात लोखंड आधी खाल्ले जाते आणि डोके तुटून आट्यांचा तुकडा चौकटीत राहतो.

हत्यारे ठेवण्याची जागा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाहेरच्या भिंतीलगतचे कपाट या तिन्हींपासून दूर असावी. पेटी प्लास्टिकची चालेल, पण वापरलेले हत्यार ओले किंवा मातकट असताना झाकण लावू नये. बंद पेटीतली ओल उघड्या फळीपेक्षा अधिक गंज चढवते. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक धातूच्या भागावर मशीनच्या तेलाचे फडके फिरवावे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणाऱ्या असतील तर रंग बदलल्यावर त्या सुकवून पुन्हा वापरता येतात. डब्ल्यूडी-४० चा फवारा अडकलेला नट सोडवायला आणि पाणी हटवायला चांगला आहे, पण त्याचा थर पातळ असतो. चार महिन्यांच्या पावसासाठी त्यावर विसंबू नये, आणि बिजागरीला वंगण म्हणूनही तो फार काळ पुरत नाही. टॉर्च व मल्टिमीटरमधील सेल काढून ठेवावेत.

शिडी कितीही चांगली घेतली तरी जूननंतर शेवाळलेल्या कौलांवर चढू नये. फुटलेले कौल बहुतेक वेळा आतून, वरच्या ओळीचे कौल किंचित उचलून बदलता येते. त्यासाठी त्याच मापाची दहा-बारा जुनी कौले जपून ठेवावीत, कारण नव्या कौलांच्या खाचा जुन्यांशी जुळतीलच असे नाही.

राहिला आजोबांचा पेटारा. कोयता आणि कुऱ्हाड असतील तर ती नक्की ठेवावीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवे आणले तरी जुन्या लोहाराच्या पोलादाची बरोबरी प्रत्येक वेळी होतेच असे नाही. पटाशी, रंध्याचे पाते आणि सुटी पाती लाकडी भागांपासून वेगळी करून माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावीत. आपल्या स्वयंपाकघरांत ते सहज असते, आणि त्यातील आम्ल गंज विरघळवते. सकाळी तारेच्या ब्रशने घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडे पुसावे आणि तेल लावावे. हा शेवटचा भाग दुपारवर ढकलला तर गंज पुन्हा चढतो. धारेवर गंजाचे खोल खड्डे पडले असतील तर खड्डे संपेपर्यंत पाते घासावे लागते, आणि तेवढे पोलाद उरत नसेल तर ते सोडून द्यावे. लाकडी रंध्याचा तळ सरळ आहे का, ते पोलादी पट्टी तिरकी व आडवी लावून पाहावे. किडीची भोके थोडी असली तरी हरकत नाही, पण ताजी भुकटी गळत असेल तर तो रंधा इतर लाकडी सामानापासून आजच वेगळा करावा. पान्यांपैकी ज्यांचे जबडे फाकले आहेत आणि हातोड्यांपैकी ज्यांच्या डोक्याच्या कडा तडकल्या आहेत, ती हत्यारे कितीही आवडती असली तरी कामाला घेऊ नयेत. फाकलेला पाना नटावरून निसटतो आणि तडकलेली कड उडून डोळ्यात जाते. ती भंगारात द्यावीत किंवा भिंतीवर लावावीत, आणि त्यासाठी भोक पाडताना हॅमर बंद ठेवावा.